उद्याची शस्त्रं आणि ‘सुपर सैनिक’: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातली व्याख्यानं, भरती अकादम्यांमधले तास आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे निरोप, यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, तिथं हे प्रश्न निव्वळ कुतूहलाचे नसतात. विचारणाऱ्याचा भाऊ सीमेवर असतो, नाहीतर तो स्वतः पहाटे भरतीसाठी पळत असतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथं गरज तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. सर, ही भविष्यातली शस्त्रं खरी किती आणि रीलमधली किती?

तीन ढीग करा. पहिल्यात प्रत्यक्ष वापरात आलेली: लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे ड्रोन, उपग्रह पाडणारं क्षेपणास्त्र (आपण २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त ते करून दाखवलं). दुसऱ्यात चाचणीतली किंवा नुकती सैन्याच्या हातात पडू लागलेली: लेसर, मायक्रोवेव्ह, हायपरसॉनिक. तिसऱ्यात कागदावरची: अंतराळातून टंगस्टनचे खांब टाकणं, जनुकं बदललेला सैनिक. रीलमध्ये हे तिन्ही ढीग एकाच संगीतावर दाखवतात, म्हणून घोळ होतो.

२. लेसरनं ड्रोन खरंच पडतोय काय?

पडतो. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओनं (देशाची संरक्षण संशोधन संस्था) कर्नूलच्या चाचणी मैदानावर ३० किलोवॅटच्या लेसरनं ड्रोन पाडून दाखवला. इस्रायलची ‘आयर्न बीम’ १०० किलोवॅटच्या वर्गातली आहे.

पण सिनेमातल्यासारखा लाल पट्टा दिसत नाही आणि स्फोटही होत नाही. भिंगानं कागद जाळताना ठिपका एकाच जागी धरून ठेवावा लागतो, तसंच इथं उडत्या ड्रोनच्या एकाच भागावर किरण काही सेकंद खिळवून ठेवावा लागतो. पंख वितळतो, बॅटरी पेटते किंवा कॅमेरा आंधळा होतो. खरी करामत किरणात कमी आणि तो हलू न देणाऱ्या यंत्रणेत जास्त आहे.

फायदा खर्चाचा. ब्रिटननं त्यांच्या ‘ड्रॅगनफायर’ लेसरचा एका माऱ्याचा खर्च साधारण दहा पौंड सांगितला आहे. काही हजारांच्या ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र सोडणं कोणत्याच देशाला परवडत नाही, त्यामुळे सगळे लेसरमागे लागलेत.

तोटा कळायला जुलैत गगनबावड्याला जाऊन उभं राहावं. दहा फुटांवरची एसटी दिसत नाही अशा धुक्यात किरण पाण्याच्या थेंबांवर विखुरतो आणि लक्ष्यापर्यंत ताकद पोचतच नाही. धूळ आणि धूर यांचंही तेच. म्हणून लेसर तोफेची जागा घेणार नाही. तोफ आणि क्षेपणास्त्रांच्या शेजारी उभा राहील.

३. मग लेसरनं समोरच्या सैनिकांना आंधळं करता येईल की?

येईल, पण बंदी आहे. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेली लेसर शस्त्रं १९९५ च्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलनं निषिद्ध ठरवली आणि भारत त्यात सामील आहे. शस्त्र रणांगणावर येण्याआधीच त्यावर बंदी आली, असं फार क्वचित घडतं. खोच एवढीच की बंदी ‘त्यासाठीच बनवलेल्या’ शस्त्रावर आहे. ड्रोनच्या कॅमेऱ्यावर मारलेला लेसर चुकून कुणाच्या डोळ्यात गेला, तर तो या बंदीत थेट बसत नाही.

४. रेलगनचं काय झालं?

विजेच्या जोरावर, दारूगोळ्याशिवाय धातूचा तुकडा फेकणारी तोफ. अमेरिकी नौदलानं २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलचा मारा करून दाखवला आणि २०२१ मध्ये काम थांबवलं, कारण नळीतले रूळ फार लवकर झिजत होते आणि वीजही प्रचंड लागत होती. जपाननं २०२३ मध्ये जहाजावरून मारा करून पाहिला. तिथं काम चालू आहे.

५. हायपरसॉनिक क्षेपणास्त्र अडवताच येत नाही म्हणतात, ते खरं काय?

अर्धं खरं. हायपरसॉनिक म्हणजे आवाजाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त वेग. कोल्हापूर ते पुणे अंतर अशा वेगानं दोन-अडीच मिनिटांत संपतं. पण नुसता वेग नवा नाही. अग्नीसारखी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं खाली येताना याहून वेगानं येतात. मात्र त्यांची वाट बरीचशी ठरलेली असते, त्यामुळे ती कुठं पडणार याचं गणित मांडता येतं. हायपरसॉनिक हवेतच, कमी उंचीवरून, वळणं घेत जातं. रडारला ते उशिरा दिसतं आणि गणित सारखं बदलत राहतं. अडवणं त्यामुळे अवघड होतं, अशक्य नाही.

आपल्याकडे ७ सप्टेंबर २०२० रोजी स्क्रॅमजेट इंजिनाची, म्हणजे एवढ्या वेगात बाहेरचीच हवा आत घेऊन इंधन जाळणाऱ्या इंजिनाची, चाचणी झाली. इंजिन वीसएक सेकंद चाललं. त्या वेगानं आत घुसणाऱ्या हवेत ज्योत टिकवणं हेच मोठं काम असतं. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी दीड हजार किलोमीटरहून लांब पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली.

६. चीननं लडाखमध्ये मायक्रोवेव्ह सोडून आपल्या जवानांना पळवलं, हा मेसेज खरा आहे का?

नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एका चिनी प्राध्यापकाच्या दाव्यावरून ही बातमी पसरली आणि भारतीय सेनेनं ती निराधार असल्याचं लगेच जाहीर केलं. तरी दरवर्षी कुणीतरी ती नव्यानं पाठवतंच.

तसं शस्त्र मात्र आहे. अमेरिकेच्या ‘अ‍ॅक्टिव्ह डिनायल सिस्टीम’चा ९५ गिगाहर्ट्झचा किरण कातडीचा अगदी वरचा पापुद्रा तापवतो. माणसाला भाजल्यासारखं होतं आणि तो बाजूला सरतो. २०१० मध्ये ते अफगाणिस्तानात नेलं आणि एकदाही न वापरता परत आणलं. मायक्रोवेव्हचं खरं भवितव्य माणसांपेक्षा ड्रोनच्या झुंडीवर आहे. लेसर एकेक ड्रोन टिपतो, मायक्रोवेव्ह एकदम अनेकांचे सर्किट बिघडवते.

७. आमच्याकडं उसावर फवारणीचा ड्रोन आहे. त्याचं हत्यार होऊ शकतं का?

तांत्रिकदृष्ट्या होतं, आणि म्हणूनच नियम आहेत. दहा लिटरची टाकी उचलणारा ड्रोन दहा किलोचं दुसरं काहीही उचलतो. युक्रेनच्या युद्धात शेतीच्या ड्रोनसारखी मोठी यंत्रं रात्री बॉम्ब टाकायला वापरली गेली. मोटर, बॅटरी, फ्लाइट कंट्रोलर यांत शेती आणि युद्ध असा भेद नसतो.

आपल्याकडे ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. फवारणीचे ड्रोन बहुधा २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ किंवा त्यावरच्या ‘मीडियम’ गटात येतात. त्यांची नोंदणी आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास रान असेल तर आधी नकाशावर झोन पाहा. विमानतळालगत परवानगीशिवाय उडवता येत नाही. घिरट्या घालणारे लष्करी ड्रोन ही वेगळी जात. नागपूरला तयार होणारं ‘नागास्त्र-१’ जवान पाठीवर वाहून नेतो, आणि लक्ष्य सापडलं नाही तर ते पॅराशूटनं परत उतरवता येतं.

८. कुणाला मारायचं हे मशीनच ठरवणार काय?

काही प्रमाणात आधीच ठरवतं. भूसुरुंग पाय पडला की फुटतो, पाय कुणाचा ते विचारत नाही. नवं आहे ते कॅमेऱ्यातून बघून ‘हा शत्रू’ असं ठरवणारं सॉफ्टवेअर. लिबियात २०२० मध्ये तुर्की बनावटीच्या ड्रोननं स्वतःहून हल्ला केला असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या अहवालात आलं. त्यात कुणी मेलं का, हे तो अहवाल सांगत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांबद्दलचा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात मोजके देश होते आणि त्यांत भारत होता. हे सांगितलं की सभागृहात कुजबुज सुरू होते. भारताचं म्हणणं असं की जिनिव्हात यावर चर्चा चालू असताना दुसरी चूल मांडू नये. मला हे म्हणणं पूर्ण पटत नाही. जिनिव्हात सगळ्यांचं एकमत लागतं, आणि एकमत लागतं तिथं वर्षं जातात.

नवं शस्त्र कायद्यात बसतं का हे आधी तपासण्याची अट जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ३६ मध्ये आहे. भारत त्या प्रोटोकॉलचा सदस्य नाही.

९. ‘सुपर सैनिक’ म्हणजे नेमकं काय? कृत्रिम पाय बसवलेला जवानही सुपर सैनिक काय?

रेघ अशी ओढतात: गेलेलं परत देणं म्हणजे उपचार, नसलेलं जोडणं म्हणजे क्षमतावाढ. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सुरुंगात पाय गेलेल्या जवानांना उभं करतंय, तो उपचार. धडधाकट जवानाच्या पायाला मोटर लावली तर ती क्षमतावाढ, आणि ‘सुपर सैनिक’ म्हणतात तो हा.

रेघ नेहमी स्पष्ट नसते. लस हीदेखील शरीरात नसलेली ताकद देते. उंचीवर जाण्याआधीची सवय हीसुद्धा एक प्रकारची क्षमतावाढच, आणि आपल्या सेनेत ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास. इथला पोरगा थेट लडाखला उतरला तर त्याला आधी नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, मग पंधरा हजारांपर्यंत चार दिवस आणि त्यावर आणखी चार दिवस असं टप्प्याटप्प्यानं चढवतात. पहिले दोन दिवस नुसता आराम. घाई केली की फुप्फुसात पाणी होतं आणि पंचविशीतला पैलवान गडीही आडवा होतो.

१०. अंगात घालायचा लोखंडी सूट कधी येणार?

पूर्ण सूट लवकर नाही. अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१३ मध्ये ‘टॅलोस’ नावानं तो सुरू केला आणि २०१९ मध्ये गुंडाळला. अडचण बॅटरीची आणि माणसाच्या चालीची. आणखी एका जुन्या नमुन्यात वजन यंत्रानं उचललं, पण जवानाला ऑक्सिजन उलट जास्त लागला, कारण तो यंत्राच्या लयीशी झगडत चालत होता.

आषाढात पन्हाळा ते पावनखिंड जे चाललेत त्यांना जास्त सांगायला नको. गुडघाभर चिखल, शेवाळलेले दगड, अंगावर पाऊस. मोटर असलेल्या गुडघ्यात तो चिखल गेला की तो गुडघाच ओझं होणार. आधी येतील ते मोटर नसलेले, कमरेचा आणि पाठीचा भार कमी करणारे पट्टे, आणि तेही तोफगोळे चढवणाऱ्यांसाठी, सपाट जमिनीवर. बेंगळुरूची डीआरडीओची प्रयोगशाळा यावर काम करते.

११. झोप न येणारी गोळी सैन्यात देतात म्हणे?

काही देशांनी दिली आहे. जर्मनीनं १९४० च्या एप्रिल ते जुलैत सैन्याला मेथाम्फेटामाइनच्या साडेतीन कोटी गोळ्या वाटल्या. जवान दिवसरात्र चालले, मग कोसळले. व्यसन लागलं, काहींची हृदयं बंद पडली, आणि जर्मनांनीच पुढं वाटपावर निर्बंध आणले.

एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ अमेरिकी वैमानिकानं आपल्याच बाजूच्या कॅनडाच्या सैनिकांवर बॉम्ब टाकला आणि त्यात चार जण मेले. वैमानिकांना उत्तेजक गोळ्या दिल्या होत्या, हा मुद्दा त्यांच्या वकिलांनी मांडला. चौकशीनं दोष वैमानिकांच्या निर्णयावर ठेवला. गोळी जागं ठेवते, शहाणं ठेवते असं नाही. आता मोडाफिनिल हे तुलनेनं सौम्य औषध चर्चेत असतं. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि परीक्षेसाठी किंवा नाइट ड्यूटीसाठी ते मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१२. भरतीच्या आधी एक इंजेक्शन घेतलं तर १६०० मीटर निघतं असं ग्राउंडवरची पोरं सांगतात. घेऊ का?

नको. सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, बहुतेक वेळा रात्री उशिरा आणि ‘मित्रासाठी विचारतोय’ म्हणून.

ग्राउंडवर फिरणारं एक इंजेक्शन म्हणजे मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात, समोर मॉनिटर लावून. धडधाकट पोरानं ते टोचून घेतलं की हृदय घोड्यासारखं पळतं, पाय हलके वाटतात, आणि थकव्याची जी सूचना शरीर देतं ती दबते. उन्हात पळताना तीच सूचना जीव वाचवत असते. पुढं सवय लागते, झोप उडते, भास होतात.

दुसरी जात स्टेरॉइडची. स्नायू महिन्यात फुगतात, पण हाडाला जोडणारे कंडरे त्या वेगानं तयार होत नाहीत, म्हणून ते तुटतात. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, चेहऱ्यावर आणि पाठीवर पुरळ येतो. साडेसतरा-अठराच्या पोरात हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होऊ शकतात. म्हणजे उंचीत बसण्यासाठी जो आटापिटा चाललाय, तीच उंची खुंटते.

तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. गंगावेशीत किंवा मोतीबागेत पोरगं अचानक फुगलं की वस्ताद आधी त्याच्या डोळ्यांत बघतात, मग त्याच्या बापाला बोलावतात. भरतीतही मेडिकल असतं आणि औषध घेऊन आलेल्याला बाद करतात. चिठ्ठीशिवाय ही औषधं विकणं हा गुन्हा आहे. कुणी ‘सैन्यातही असंच देतात’ म्हणून विकत असेल तर तो प्रश्न ११ मधली अर्धीच गोष्ट सांगतोय.

१३. जनुकं बदलून ताकदवान जवान तयार करता येतील का?

आज नाही. ताकद, दम, धाडस या गोष्टी शेकडो जनुकं आणि त्याहून जास्त खाणंपिणं, सराव यांवर ठरतात. ‘क्रिस्पर’ या जनुक कापून बदलण्याच्या तंत्रानं २०२३ मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजारावर पहिला मंजूर उपचार आला, पण सिकलसेल हा एका जनुकाचा दोष. खर्च अमेरिकेत रुग्णामागे वीस लाख डॉलरच्या वर.

अपवाद आहे, आणि हुशार विद्यार्थी तो नेमका काढतात: मायोस्टॅटिन. हे एक जनुक बंद असेल तर स्नायू दुप्पट वाढतात. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांत ते दिसतं, आणि २००४ मध्ये जर्मनीतल्या एका लहान मुलातही आढळल्याची नोंद झाली. पण हाच मार्ग औषधानं बंद करून स्नायूंच्या आजारावर उपचार करायला गेलेल्या कंपन्यांना अपेक्षित ताकद मिळाली नाही. मोठा स्नायू म्हणजे जास्त दमदार माणूस नव्हे.

दुसरं उदाहरण तिबेटी लोकांचं. त्यांच्यातल्या ‘ईपीएएस-१’ जनुकाच्या प्रकारामुळं उंचीवर रक्त फार घट्ट होत नाही. आपल्या पोरांत ते टोचून घालायचा मार्ग कुणाकडं नाही. तोवर प्रश्न ९ मधले चौदा दिवस.

गर्भात बदल करणं ही वेगळी बाब. चीनच्या हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये तसं केल्याचं जाहीर केलं आणि त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्याला परवानगी नाही.

१४. मेंदूत चिप बसवून ड्रोन उडवता येईल का?

अंशतः झालंय. मानेखाली लुळी पडलेल्या एका अमेरिकी महिलेनं मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या जोरावर विमानाचा सिम्युलेटर चालवल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात चिप बसवली. काही आठवड्यांत तिच्या काही तारा मेंदूतून मागं सरकल्या आणि सॉफ्टवेअर बदलून काम भागवावं लागलं.

हात गेलेल्या माणसासाठी हे वरदान आहे. पण ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत त्याला जॉयस्टिक जास्त वेगवान, स्वस्त, आणि कवटी उघडायला लागत नाही. म्हणून धडधाकट जवानात चिप घालण्याला मला आज तरी कारण दिसत नाही. कवटी न उघडता काम करणाऱ्या टोपीवर अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं पैसे घातले आहेत. ती आली तर हिशेब बदलेल.

१५. डोळ्याचं लेसर ऑपरेशन करून भरतीला बसलो तर ती क्षमतावाढ धरतात का?

नाही, तो उपचार. पण चालतो की नाही हे पदावर ठरतं. जिथं चालतो तिथं साधारणपणे वय वीस पूर्ण झाल्यावर केलेलं ऑपरेशन आणि त्याला किमान वर्ष झालेलं असावं अशा अटी दिसतात. तुमच्या पदाची त्या वर्षीची अधिसूचना वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

अंधारात बघणारे डोळे हवेत अशी विचारणाही होते. २०१९ मध्ये उंदरांच्या डोळ्यांत सूक्ष्म कण टोचून त्यांना अवरक्त प्रकाश दिसू लागल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसासाठी नाइट व्हिजन दुर्बीण अजून उत्तम, काम झालं की काढून ठेवता येते.

१६. वरिष्ठांनी ‘हे बसवून घे’ म्हटलं तर जवान नाही म्हणू शकतो का?

सगळ्या यादीत खरा कठीण प्रश्न हा. राज्यघटनेच्या कलम ३३ नुसार सशस्त्र दलांतल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि सेना कायदा १९५० च्या कलम ४१ मध्ये वरिष्ठांची आज्ञा मोडणं हा गुन्हा आहे. पण आज्ञा कायदेशीर असावी लागते. शरीरात कायमचं काही घालण्याची आज्ञा कायदेशीर की नाही, याची कसोटी आपल्याकडे लागलेली नाही.

अमेरिकेत लागली. १९९० च्या आखाती मोहिमेत तिथल्या सरकारनं जवानांच्या संमतीशिवाय काही औषधं देण्याची सूट घेतली. १९९८ पासून अँथ्रॅक्सची लस सक्तीची केली. नाही म्हणणाऱ्यांवर कारवाया झाल्या, आणि २००४ मध्ये न्यायालयानं ती सक्ती थांबवली. ती फक्त लस होती.

फ्रान्सच्या संरक्षण नीती समितीनं डिसेंबर २०२० मध्ये सैनिकांच्या क्षमतावाढीवरच्या संशोधनाला वाट मोकळी केली, पण माणूसपण आणि इच्छा हिरावणाऱ्या बदलांना नकार दिला. आपल्याकडे असा कागद आधी हवा, यंत्र नंतर.

यात अग्निवीरांचा मुद्दा जोडून विचारला जातो आणि तो रास्त आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के राहणार, बाकीचे पंचविशीच्या आसपास पेन्शनशिवाय घरी. अशा पोराच्या अंगात उद्या एखादं उपकरण असलं तर त्याची बॅटरी कोण बदलणार, बिघडलं तर काढणार कोण, आणि त्यातली माहिती कुणाची? सैन्यात असेतो उत्तर सोपं आहे. राधानगरीला शेतावर परत आल्यावर कुणाकडं जायचं, ते लिहून घेतल्याशिवाय असलं काही बसवूच नये, असं माझं मत.

१७. आमची शिरोलीत फौंड्री आहे. यात आपल्याला काम मिळेल का?

शस्त्र नव्हे, सुटे भाग, हो. संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर बाहेरून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंची यादी असते, आणि २०१८ पासूनच्या ‘आयडेक्स’ योजनेत नव्या कल्पनेला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकतं. गाडीच्या कास्टिंगपेक्षा फरक कागदात आहे. प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर (तो कोणत्या वितळीतून ओतला त्याचा क्रमांक), टेस्ट सर्टिफिकेट, एक्स-रे. एका ब्लो होलमुळं, म्हणजे ओतीव धातूत हवेनं राहिलेल्या पोकळीमुळं, अख्खा लॉट परत येतो, वेल्डिंग करून बुजवणं चालत नाही. ऑर्डरी लहान, पैसे उशिरा. उद्यमनगरातल्या ज्यांनी हे केलंय ते पहिली दोन वर्षं गाडीच्याच कामावर घर चालवा म्हणतात.

१८. मग भरतीला पळणाऱ्या पोरानं आता शिकायचं काय?

पळणं चालूच ठेवा, त्याला पर्याय नाही. पण जुलै २०२५ मध्ये सेनाप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून उभ्या केल्याचं जाहीर केलंय. तिथं मोटर बदलणारा, अँटेना नीट लावणारा, बॅटरी थंडीत जपणारा गडी लागतो. अग्निवीर टेक्निकलला आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना बोनस गुण आहेत. सोल्डरिंग गनचे, मल्टिमीटरचे मिळून हजार-बाराशे रुपये होतात. इंजेक्शनवाल्याला द्यायचे पैसे तिकडं वळवा आणि गल्लीतल्या ड्रोनवाल्याकडं रविवारी जाऊन बसा.